बूट काढून, घंटा वाजवून

धोंड्यावर चढणं कुठे सुरू होतं ते कुणीही सांगेल. जमिनीवरून पाय उचलला की सुरू. ते कुठे संपतं यावरून मात्र मी शहाण्यासुरत्या माणसांना एकमेकांशी बोलणं टाकताना पाहिलंय. त्यातला एक अबोला माझ्यामुळे झाला, आणि तो बरीच वर्षं टिकला.

बोल्डरिंग म्हणजे दोर वगैरे न लावता मोठ्या धोंड्यावर चढणं. धोंडा फार तर दोन पुरुष उंच. चढायची वाट ठरलेली असते, तिला प्रॉब्लेम म्हणतात. पडलात तर खाली गादी. परदेशात त्यासाठी वेगळ्या गाद्या मिळतात असं आम्ही ऐकून होतो. नव्वदच्या दशकात नाशकात आम्ही माझ्या जोडीदाराच्या घरची कापसाची गादी वापरायचो. रविवारी सकाळी सीबीएस स्टँडवर हरसूलच्या एसटीत ती गुंडाळी चढवताना कंडक्टर विचारायचा, "काय, मुक्काम का?" जोडीदार गंभीरपणे म्हणायचा, "नाही मास्तर, पडायला चाललोय."

हा जोडीदार शाळेत चित्रकला शिकवायचा. घरचा मळा मखमलाबादच्या बाजूला, झेंडू आणि शेवंतीचा. पहाटे भावाबरोबर फुलबाजारात पाट्या उतरवून तो थेट स्टँडवर यायचा, त्यामुळे त्याच्या पाठपिशवीत पकड घसरू नये म्हणून हाताला लावायच्या चॉक पावडरीच्या पुरचुंडीशेजारी नेहमी झेंडूची एक माळ असे. माणूस बोलका, हसरा, देवभोळा. मी सरकारी कचेरीत कारकून, कमी बोलणारा. लोक म्हणायचे, स्वभाव आहे त्याचा. या स्वभावाआड मी काय काय लपवलं ते आता सांगतो.

हरसूलच्या अलीकडे, रस्त्याच्या वरच्या अंगाला एक माळ आहे आणि माळावर धोंडेच धोंडे. त्यातला सगळ्यात देखणा म्हणजे घंटेचा धोंडा. त्याची पाठ टेकडीला लागलेली. त्या बाजूने वस्तीतल्या लोकांनी पायऱ्या खोदलेल्या. वर शेंदूर फासलेला तांदळा, नाक-डोळे नसलेला गोल देव, आणि लोखंडी कमानीला टांगलेली पितळी घंटा. पुढची बाजू मात्र पोटाशी आत गेलेली. तिच्याखाली उभं राहिलं की वरचा काठ दिसत नाही, आकाश दिसतं. आम्हाला अर्थातच त्या पुढच्या बाजूनेच वर जायचं होतं. पायऱ्यांनी नारळ घेऊन जाणाऱ्या बायका वरून वाकून बघायच्या आणि सांगायच्या, "मागनं वाट हाय, भाऊ." जोडीदार लटकत लटकतच म्हणायचा, "माहीत आहे, मावशी." मग त्या काळजीने एकमेकींकडे बघायच्या.

शेवट आम्ही दोघांनी मिळून ठरवला होता. चढणारा वर पोहोचला की घंटा वाजवायची. खालच्याला काठ दिसत नाही, तेव्हा त्याला कळणार कसं? ऐकून. घंटा वाजली की चढाई झाली.

दोन हिवाळे आम्ही तिथे पडलो. गादीचा कापूस एका कोपऱ्यात गेला. मग एका रविवारी माझे दोन्ही हात काठावर पोहोचले. असं आधी कधीच झालं नव्हतं. मी अंग वर खेचलं, हनुवटी काठाच्या वर आली, आणि माझ्या डोळ्यांसमोर दोन पावलं होती. एक म्हातारी, डोक्यावर पदर, एका हातात तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी. तिचा दुसरा हात घंटेच्या दोरीला होता. तिने घंटा वाजवली.

खालून आरोळी आली, "झाली! झाली रे झाली!"

म्हातारीने खाली बघितलं. देवाच्या मागून, जिथे नुसती हवा असते तिथून, एक डोकं वर आलेलं तिला दिसलं. "कोन हाय रं?" ती म्हणाली. माझी बोटं सुटली.

गादीवर पडलो तर हा अंगावर आला आणि मला मिठी मारली. मग माझे हात धरून बघत बसला. काठावर शेंदराचे ओघळ होते, ते माझ्या बोटांना लागले होते. त्याने ती बोटं स्वतःच्या कपाळाला लावली. "देवाला हात लावून आलास रे," म्हणाला.

त्या वेळी 'मी नाही वाजवली' एवढंच बोलायचं होतं. मला वाटलं, थोडा दम खाऊन सांगू. दम खाल्ला. मग वाटलं, चहाच्या टपरीवर सांगू. उतरताना त्यानेच विचारलं, "एक सांग. बूट घालून गेलास का देवापाशी?"

प्रश्न बरोबर होता. तांदळा काठापासून वीतभरच आत. काठावरून वर पाय टाकला की तो देवाशेजारीच पडणार. मी म्हणालो, "नाही."

"मग?"

"काठावर काढले."

"लटकून?"

"एका हाताने."

तो थांबला. माझ्या पायांकडे बघितलं. कापडी बूट, भद्रकालीतल्या चांभाराकडून टायरचा तळ मारून घेतलेले, नाड्या घट्ट बांधलेल्या. "आणि परत घातलेस?"

"उडी मारायची होती ना."

त्याने वाकून नाड्यांची गाठ बोटाने चाचपली. मग म्हणाला, "लेका, तू ग्रेट माणूस आहेस." आता विचार केला की वाटतं, मूर्ख नव्हता तो. देवासमोर लटकत असतानाही बूट काढणारा एखादा मित्र आपल्याला असावा, असं त्याला मनापासून वाटत होतं. मी त्याला तो दिला.

पुढच्या रविवारी टपरीवाला सांगत होता, वस्तीतल्या एका म्हातारीला देवाने दर्शन दिलं. देवाच्या मागून डोकं वर आलं, तिच्याकडे बघितलं आणि गुप्त झालं. "चेहऱ्यावर लय तेज व्हतं म्हनं." जोडीदार हळहळला. "बघ ना, आपण दर रविवारी तिथे मरतो, आपल्याला नाही दिसलं!" मी चहा पीत होतो. पीतच राहिलो.

त्याच सुमारास नाशकातल्या आम्हा चढणाऱ्यांच्या छोट्या गटाने ठरवलं की माळावरच्या सगळ्या चढायांची एक पुस्तिका करायची. नकाशे जोडीदाराने काढले, सुंदर काढले, प्रत्येक धोंड्याला स्वतःचा चेहरा. मजकूर माझ्याकडे आला, कारण कचेरीत मसुदे करायची मला सवय. प्रत्येक चढाईला मी तीन रकाने केले: सुरुवात, वाट, शेवट. बाकीच्यांच्या शेवटात 'वर उभे राहणे' असं लिहून मोकळा झालो. घंटेच्या धोंड्यापाशी पेन अडलं. जोडीदार शेजारीच बसला होता. म्हणाला, "लिही ना, जसा तू केलास तसा." मी लिहिलं: 'शेवट: काठावर बूट काढून, घंटा वाजवून.' खाली 'पहिली चढाई' म्हणून माझं नाव.

झेरॉक्स काढून, पिना मारून पुस्तिका वाटल्या. त्यांचं पुढे काय होईल याची मला कल्पना नव्हती. पुस्तिका पुण्याला गेली, मुंबईला गेली. मुलं येऊ लागली. गाद्या आमच्यापेक्षा बऱ्या, दंड आमच्यापेक्षा जाड, आणि माळावरचं इतर सगळं ती अर्ध्या दिवसात संपवायची. मग घंटेच्या धोंड्याखाली बसून पुस्तिका उघडायची. एका रविवारी मी तिथेच होतो.

"काठावर बूट काढून. म्हणजे वर चढल्यावर काढायचे."

"वर चढल्यावर काठ कुठे राहिला? लटकतानाच."

"मग अनवाणीच चढलं तर? प्रश्नच मिटला."

"काढून लिहिलंय. काढायला आधी घातलेले नकोत का?"

"बरं, काढलेले ठेवायचे कुठे?"

"त्याबद्दल पुस्तक काही बोलत नाही."

"पुस्तक लिहिणारे हे काय, बसलेत. सर, काढलेले बूट खाली टाकायचे की दातात धरायचे?"

मी म्हणालो, "ज्याची त्याची पद्धत."

हे उत्तर पुढे माझ्या नावाने सांगितलं जायचं, फार अर्थ असल्यासारखं. एकाने नाड्यांऐवजी इलॅस्टिक लावून आणलं. त्यावर ते नियमात बसतं का अशी चर्चा झाली आणि दोन मित्र वेगवेगळ्या एसटीने परत गेले. एकाचा बूट खाली पुस्तिका वाचत बसलेल्याच्या डब्यात पडला. कुणालाच जमलं नाही. दरवेळी मुलं माझ्याकडे आदराने बघायची, आणि मी पायांकडे बघायचो.

जोडीदाराने तर घरी सराव सुरू केला. दाराच्या चौकटीला एका हाताने लटकायचं आणि दुसऱ्या हाताने नाडी सोडायची. त्याची आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अरे, बसायला पाट आहे घरात." बायकोने सांगून बघितलं, मग ती त्याच्या खालून वाकून ये-जा करायला शिकली. मी त्यांच्याकडे जेवायला गेलो की त्याची आई मला विचारायची, "तुम्हाला खरंच जमलं का हो हे?" भाजी वाढून घेत मी मान हलवायचो. ती मान कोणत्या दिशेने हलली हे तिला कधी नीट कळू दिलं नाही.

इकडे म्हातारीच्या दर्शनाची बातमी आजूबाजूला पसरली होती. बाजाराच्या दिवशी लोक वाकडी वाट करून येऊ लागले. म्हाताऱ्याकोताऱ्यांना पायऱ्या झेपेनात. शेवटी वस्तीने वर्गणी काढून खाली रस्त्याच्या कडेला छोटं सिमेंटचं देऊळ बांधलं, वाजतगाजत तांदळा खाली आणला आणि घंटाही. धोंड्यावर कमानीची दोन भोकं उरली. माझ्या डोक्याने तो देव रस्त्यावर आला, हे वस्तीत कुणाला माहीत नव्हतं. नाशकातही कुणाला माहीत नव्हतं.

आता शेवट कुठे? पुण्याहून फोन आले. आमच्या गटाची बैठक बसली. सगळ्यांचं म्हणणं सरळ होतं: देव गेला, घंटा गेली, आता बूट पायातच राहू द्या, वर उभं राहिलं की संपलं. जोडीदाराचा चेहरा उजळला होता. तो त्या काठापर्यंत दर रविवारी पोहोचत होता. नाडीपाशी अडत होता. नियम बदलला असता तर तो आठवड्यात वर गेला असता. आणि वर गेला असता तर त्याला कळलं असतं की मी 'वाट' या रकान्यात लिहिलेली काठामागची खोल पकड, 'वरून दिसत नाही, बोटांनाच लागते' ती, तिथे नाहीच. मी ती हनुवटी टेकवून नुसती कल्पिली होती.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी कधी नाही ते बोललो. म्हणालो, "पुस्तकात घंटा लिहिली आहे. घंटा जिथे असेल तिथे शेवट."

"अरे, घंटा रस्त्यावर आहे!"

"मग रस्त्यावर शेवट."

कुणीतरी हसलं. पण कमी बोलणारा माणूस बोलला की त्याला वजन येतं, आणि पहिली चढाई माझी होती. मी शुद्धिपत्रकाची चिठ्ठी टाइप केली आणि उरलेल्या पुस्तिकांत डिंकाने चिकटवली.

त्यानंतर माळावर जे दिसायचं ते बघून ये-जा करणाऱ्या एसट्या हळू व्हायच्या. धडधाकट मुलं धोंड्यावर एकाच पायात बूट घालून लटकायची, पडायची, पुन्हा चढायची. कुणी पायऱ्यांनीच वर जाऊन धावायचा सराव करायचा, कारण पुण्याच्या मुलांनी अर्थ लावला होता की मध्ये थांबलं तर चढाई तुटते. म्हणजे धोंड्यावरून उतरून, नागलीच्या शेताच्या बांधावरून, अनवाणी, देवळापर्यंत पळत जायचं. शेतमालक काठीला टेकून विचारायचा, "तुमचा धोंडा तिकडं. मंग इकडं का पळताय?" एक मुलगा धापा टाकत म्हणाला, "काका, धोंडा इथपर्यंत आहे." शेतमालकाने मागे वळून आपलं शेत नीट बघून घेतलं.

नव्या शतकाची पहिली काही वर्षं अशी गेली. मग एका डिसेंबरात जोडीदाराने ते केलं.

आम्ही दोघेच होतो. मी या वेळी गादीपासून दोन पावलं मागे, काठ दिसेल असा उभा. तो काठाला पोहोचला, डावा हात घट्ट केला, उजवा सोडला, गुडघा छातीशी आणला आणि नाडी ओढली. पहिला बूट गादीवर पडला. हात बदलला. दुसरा बूट माझ्या खांद्यावर आदळला. मग त्याची दोन गोरी, मळकी पावलं काठावरून वर गेली आणि दिसेनाशी झाली. इतक्या वर्षांपूर्वी मी जे केलं असं सांगितलं होतं, ते माझ्यासमोर कुणीतरी खरंच करून दाखवलं. ते शक्य आहे हे मला त्या दिवशी कळलं.

वर शांतता. काही वेळाने तो पायऱ्यांनी खाली आला. कमानीच्या भोकांपाशी माळ ठेवून, नमस्कार करून आला होता. धावला नव्हता.

"झाली," म्हणाला. "तुझी ती खोल पकड मात्र सापडली नाही. लिही."

मी काय म्हणालो ते मला झोपेतही पाठ आहे. म्हणालो, "घंटा?"

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. हसला. मग हसायचा थांबला.

"देवाकडे पळत जात नसतात. एसटी पकडायची आहे का?"

"मध्ये थांबलं की तुटते."

"मी चढायला आलो होतो. चढलो. तू बघितलंस."

"पुस्तकात..."

"पुस्तक तू लिहिलंयस!"

"म्हणून तर."

त्याने बूट उचलले, एकमेकांवर आपटून माती झाडली, आणि पिशवीत ठेवले. परत येताना एसटीत गादी आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती. सीबीएसला तो गादी घेऊन उतरला. पुन्हा रविवारी आला नाही. मी फोन केला नाही. स्वभाव आहे माझा.

काही वर्षं गेली. मी पन्नाशीकडे झुकलो, धोंड्यांऐवजी जिने चढू लागलो. एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलबाजारात झेंडू घ्यायला गेलो तर ढिगामागे तो. भावाच्या मदतीला बसला होता. उजवा खांदा गेला होता, हात कानाच्या वर जात नव्हता, त्यामुळे वजन करायला भाऊ आणि पिशवीत भरायला हा.

"काय लेखक," म्हणाला. "अजून पळतात का रे पोरं?"

"पळतात. शेतमालकाने आता वाटेवर पाण्याचा माठ ठेवलाय."

तो हसला. ते हसू बघून मी म्हणालो, "रविवारी येतोस? नुसतं बसायला."

आला. त्याच्या स्कूटरवरून गेलो, गादी नव्हती. धोंड्याखाली सावलीत बसलो आणि मी सगळं सांगितलं. म्हातारी, दोरी, वाटी, काठ, पकड. एकदा सुरू झालो ते थांबलोच नाही. आयुष्यात इतकं सलग मी कधी बोललो नव्हतो. तो ऐकत होता, काडीने जमिनीवर रेघा काढत.

"म्हणजे म्हातारीने वाजवली."

"हो."

"आणि बूट?"

"पायातच होते."

"पायात!" त्याने काडी फेकली. "अरे गाढवा, मी चौकटीला लटकून म्हातारा झालो! आई जाईपर्यंत म्हणत होती, त्याला कसं जमलं, तुला का नाही!"

मी त्याने फेकलेली काडी उचलली.

"थांब. ते डोकं. दर्शन."

"माझं."

"म्हणजे देऊळ पण..."

"हो."

"चेहऱ्यावर तेज होतं म्हणे!" तो हसायला लागला, खांदा धरून, वेदनेने तोंड वाकडं करत. हसता हसता एकदम थांबला. माझ्याकडे बघितलंच नाही त्याने. "ते सगळं एक वेळ जाऊ दे," म्हणाला. "भ्यालास, बोलला नाहीस. पण मी केल्यावर? तू खाली उभा होतास. बूट तुझ्या खांद्यावर पडला. तुला तरी माहीत होतं मी काय केलं. जगात एका माणसाला माहीत होतं, आणि तो म्हणाला, घंटा?"

मी माफी मागितली. ती त्याने घेतली की नाही ते कळलं नाही.

बऱ्याच वेळाने तो उठला. चपला काढल्या, माझ्या शेजारी नीट जोडून ठेवल्या, आणि पाठ फिरवून निघाला. बांधाच्या दिशेने, अनवाणी, अगदी सावकाश. मला आधी वाटलं लघवीला चाललाय. मग तो धोंड्याच्या कडेआड गेला आणि दिसेनासा झाला. मी पोटाखाली बसलो होतो. तिथून रस्ता दिसत नाही, देऊळही नाही.

मी वाट बघत राहिलो. मग खालून घंटेचा आवाज आला. एकच ठोका, लांबलेला.

रविवार होता, देवळात कुणीही गेलं असतं. एखादी म्हातारीही. तरी मी उठून उभा राहिलो आणि तो पूर्वी ओरडला होता तितक्या जोराने ओरडलो, "झाली! झाली रे झाली!" माळावर दुसरं कुणी नव्हतं. शेळ्यांनी वर बघितलं.

तो परत आला, बसला, तळपायातला काटा काढला, चपला घातल्या.

"ऐकू आलं?"

"आलं."

"कोणी वाजवली?"

"तू."

"बघितलंस?"

"नाही."

"मग तेवढंच लिही," म्हणाला. "ऐकली म्हणून लिही."